जुन्या वेबपानातल्या पांढऱ्या फटी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट १९९९ सालची, सगळी टेबलांवर, म्हणजे ओळी-रकान्यांच्या चौकटींवर रचलेली. माथ्यावरचं चित्र तीन तुकड्यांत, एकाखाली एक. हल्ली पानाच्या सुरुवातीला नवा डॉकटाइप (पान कुठल्या नियमांनी मांडायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) टाकला, तेव्हापासून तुकड्यांमध्ये पांढऱ्या फटी दिसतात. शिवाय फोल्डरमध्ये ‘स्पेसर’ नावाची रिकामीच दिसणारी जीआयएफ फाइल आहे. उडवली तर चालेल?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : डॉकटाइप नसताना ब्राउझर जुन्या, म्हणजे क्वर्क्स पद्धतीने पान मांडतो. खान्यात नुसतंच चित्र असेल तर खाना त्याला घट्ट बसतो. डॉकटाइप आला की चित्र ओळीतल्या अक्षरासारखं आधाररेषेवर बसतं आणि खाली उकारांसाठी जागा सुटते. तीच तुमची फट.

डॉकटाइप राहू द्या. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या यादीत, टेबलातल्या चित्रांना ‘डिस्प्ले : ब्लॉक’ द्या. एकाच खान्यात दोन-तीन चित्रं शेजारी-शेजारी असतील तर मात्र ती एकाखाली एक पडतील. तिथे डिस्प्लेला हात न लावता ‘व्हर्टिकल-अलाइन : बॉटम’ लिहा. तरीही फट उरली तर टेबलच्या टॅगमध्ये बॉर्डर, सेलपॅडिंग, सेलस्पेसिंग तिन्ही शून्य आहेत ना, बघा. लिहिलंच नसेल तर ब्राउझर सहसा खान्यांमध्ये २ आणि खान्याच्या आत १ पिक्सेल आपणहून सोडतो.

स्पेसर लगेच उडवू नका. १ बाय १ पिक्सेलचं ते पारदर्शक चित्र, जेमतेम ४३ बाइटचं. स्टाइलशीटचं पहिलं मानक डिसेंबर १९९६ मध्ये आलं, पण ब्राउझरांना ते धड जमायला आणखी काही वर्षं गेली. तोवर याच चित्राला हवी ती रुंदी-उंची देऊन जागा अडवत. आधी त्या-त्या खान्याला स्टाइलशीटमधून रुंदी द्या, मग एकेक स्पेसर काढा. राहतील त्यांचा ऑल्ट (चित्राऐवजी वाचायचा मजकूर) रिकामा ठेवा, नाहीतर अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसू शकतो.

प्रश्न : परिच्छेदाआधी पाच-पाच एनबीएसपी (जिथे ओळ तुटत नाही अशा मोकळ्या जागा) टाकून जागा सोडली होती. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेल्यावर ती बदलली.
– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : एनबीएसपीची रुंदी फाँट ठरवतो. ते काढून परिच्छेदाला ‘टेक्स्ट-इंडेंट’ २ ईएम, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या दुप्पट, द्या. पण सरसकट रिप्लेस ऑल नको : सलग पाचची जोडणीच शोधा. ‘रु.’ आणि आकडा वेगळ्या ओळींत तुटू नये म्हणून टाकलेला एकटा एनबीएसपी कामाचा आहे, तो राहू द्या.