गाईची तारीख उलटली, इंजेक्शन देऊन व्यायला लावावी का?

दादा, तुम्ही लिहिलंय की एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आहे, दुसरं वेत आहे, तारखेवर सहा दिवस गेले आणि शेजारचे म्हणतायत इंजेक्शन मारून मोकळी करा. माझं ऐकाल तर आज इंजेक्शन नको. आधी कृत्रिम रेतनाचा, म्हणजे गाय भरवल्याचा, कागद काढा आणि त्यावरची शेवटची तारीख बघा.

शेवटची म्हणतोय ते मुद्दाम. आमची एक कालवड भरली, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली, पुन्हा भरली. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख मात्र पहिलीच राहिली. तीच धरून २८८ दिवस मोजले, घाबरलो, आणि डॉक्टरांनाही तीच सांगितली. इंजेक्शननंतर दुसऱ्या रात्री ती व्याली. वासरू हातात घेतलं तेव्हाच कळलं. अंगावर मऊ, आखूड केस, दात हिरडीतच, तोंडात बोट घातलं तर चोखेना. इंजेक्शन दिलं तेव्हा त्याचे २६७ दिवसच भरले होते. तिसऱ्या दिवशी गेलं. कालवडीची वार, म्हणजे वासरामागून पडणारा पडदा, अडकली, गर्भपिशवीत पू झाला, आणि पुढे सात महिने ती गाभ राहिली नाही. आमच्या एका खडूच्या रेघेमुळे हे झालं, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितोय.

नऊ महिने नऊ दिवस हा आपला जुना हिशोब गाईला बरोबर लागू पडतो, म्हणजे २८३ दिवसांच्या आसपास. एचएफ, जर्सी थोडी आधी व्यातात. गीर, साहिवाल २८५ ते २९० सहज घेतात, आणि संकरित गाईच्या पोटात गीरच्या रेताचं वासरू असेल तरीही दिवस वाढतात. नर वासरू असेल तर एखाद-दुसरा दिवस जास्त. तेव्हा सहा दिवस वर जाणं म्हणजे काही बिघडलंय असं नाही. तारखेपेक्षा गाईकडे बघा: शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत का, कास तटून सड चमकायला लागलेत का, मागून चिकट सोट लोंबतोय का. यातलं काहीच नसेल तर वासरू अजून तयार नाही.

कधी यायचं ते मुळात वासरूच ठरवतं. दिवस भरले की त्याच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं, त्यानं गाईचं गाभ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि कळा सुरू होतात. डेक्सामेथासोनचं इंजेक्शन त्या कॉर्टिसॉलची नक्कल करतं, आणि सोबत क्लोप्रोस्टेनॉलसारखं प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं औषध) दिलं की गाय साधारण एक ते दोन दिवसांत व्याते. पण इशारा बाहेरून आला, वासराची फुफ्फुसं मात्र तयार नाहीत, अशी वेळ येऊ शकते. वारही सुटायला तयार नसते. म्हणून अशा व्यालेल्या निम्म्याहून जास्त गाईंची वार अडकते.

न्यूझीलंडमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर चालायचं. तिथे कुरणात गवत येतं त्याच सुमारास सगळा कळप व्यायला हवा असतो, म्हणून मागे राहिलेल्या गाईंना कित्येक आठवडे आधीच इंजेक्शन देत. ती वासरं बहुतेक जगत नसत. १ जून २०१५ पासून दुधाच्या गाईंमध्ये अशी सोयीसाठीची प्रथा त्यांनी बंद केली.

गरज असेल तिथे हे औषध जीव वाचवतं, हेही खरं. पोटात पाणी बेसुमार वाढलं, गाय उठेना झाली, किंवा दिवस खरोखरच फार वर गेले आणि वासरू मोठं होत चाललंय, तर डॉक्टर स्वतःहून सुचवतील. मात्र त्यांनी आधी हात घालून तपासलंच पाहिजे. कारण पिशवीला पीळ पडला असेल तर गाय थोडी अस्वस्थ होते, पाय झाडते, मग शांत होते, आणि आपल्याला वाटतं कळा थांबल्या. म्हशीत हे जास्त दिसतं. त्यावर उपाय जनावराला लोळवून पीळ सोडवण्याचा. तिथे कळांचं इंजेक्शन म्हणजे पिशवी फाटण्याची वेळ. पान्ह्यासाठी मिळणारं ऑक्सिटोसिन तर पिशवीचं तोंड उघडलेलं नसताना कुणाच्याही सांगण्यावरून टोचू नका.

डॉक्टरांनी ठरवलंच, तर सांगा की व्यायच्या वेळी बोलावलं तर यावं लागेल. वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, तिला वीट किंवा चप्पल बांधू नका. ताप १०३ च्या वर गेला किंवा गाय खाईना झाली तर लगेच फोन करा. वासरू चोखत नसेल तर चीक काढून पहिल्या दोन तासांत बाटलीनं पाजा.

आणि घरातल्या गरोदर बाईला किंवा दम्याच्या माणसाला प्रोस्टाग्लँडिनच्या बाटलीला, सुईला हात लावू देऊ नका. ते कातडीतूनही अंगात भिनतं. गोठ्यातली रिकामी बाटली उचलायचं काम बहुतेक घरांत बायकांकडेच असतं, म्हणून आठवणीनं सांगतोय.

रेतनाच्या कागदावरची शेवटची तारीख आणि रेत कोणत्या जातीचं होतं ते इथे लिहा, मी दिवस मोजून देतो.