शेतीचा तास बंद करण्याआधी ती वही उघडा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेत शेतीचा विषय आहे, आठवड्याचे तीन तास वाफ्यात जातात. गणितात ५८ गुण मिळाले, तरी घरी आला की बिया मोजल्याच्या नोंदी वहीत लिहीत बसतो. मी शेती सोडून नोकरी धरली, ती मुलाने पुन्हा मातीत हात घालावेत म्हणून नाही. विषय बंद करावा असं पत्र शाळेला देऊन गणिताची शिकवणी लावू का?

उत्तर : तुमच्या पत्रात तुम्ही काय सोडलंत ते आहे, मुलाला काय वाटतं ते कुठेच नाही. ५८ गुणांची मला फारशी चिंता वाटत नाही. या वयाचा मुलगा कुणी न सांगता वही भरतो आणि घरात तीच वही त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते, याची वाटते. शेती सोडण्याचा निर्णय तुमचा होता, कदाचित बरोबरही असेल. तो बरोबर होता हे सिद्ध करायचं काम मुलाकडे देऊ नका. आणि शाळेत प्रयोगशाळेत जाणारी सगळी मुलं शास्त्रज्ञ होतात का? मग वाफ्यात जाणारा शेतकरीच होणार, हे कशावरून?

हाताला काम लागलं की डोकं रिकामं राहतं, हा खरा गैरसमज. बिया मोजणं म्हणजे बहुधा उगवणक्षमतेची चाचणी. सरसकट शंभर बिया घ्यायच्या, त्यातही ठळक निवडायच्या नाहीत. दहा-दहाच्या ओळीत ओल्या कागदावर मांडायच्या, गुंडाळी करून उभी ठेवायची, कागद ओलसर राहील पण पाणी निथळणार नाही इतकंच शिंपडायचं. पाणी जास्त झालं तर बियांना हवा मिळत नाही, त्या कुजतात आणि दोष बियाण्यावर जातो. बऱ्याच धान्यपिकांत सातव्या-आठव्या दिवशी मोजणी होते. मुलं नेमकी इथे चुकतात: मोड दिसला की उगवलं म्हणतात. मूळ तुटलेली, कोंब वाकडातिकडा असलेली रोपं धरायची नसतात. ८० धड रोपं आली, तर तेवढ्याच रोपांसाठी बियाणं सव्वापट लागेल. शेतात उगवण कागदावरच्यापेक्षा कमीच होते, म्हणून प्रत्यक्षात आणखी थोडं. हे शेकडेवारी आणि प्रमाण नाही तर काय आहे?

ठिबकचंही तसंच. ताशी चार लिटरच्या तोटीखाली मोजपात्र तीन मिनिटं धरलं, तर २०० मिलिलिटर पाणी यायला हवं. १५० आलं तर पाव भाग तूट. एखादीच तोटी कमी देत असेल तर ती तुंबली आहे. नळीच्या शेवटाकडच्या सगळ्याच कमी देत असतील तर दाब पुरत नाही. आणि सगळीकडेच कमी असेल तर आधी गाळणी साफ करा. मोजायचं, तुलना करायची, कारण शोधायचं. शिकवणीत याचा सराव क्वचितच होतो.

आता तुमच्या बाजूचं. शाळा शेतीच्या तासाला नुसतं तण काढून घेत असेल, किंवा शिक्षा म्हणून वाफ्यात पाठवत असेल, तर तक्रार जरूर करा, आणि कडक शब्दांत करा. मुलांच्या हातात कीटकनाशक देत असतील, तर पत्राची वाट न बघता आजच जा. पण पत्रात ‘विषय बंद करा’ म्हणू नका. हे विचारा: प्रत्येक मुलाची नोंदवही तपासली जाते का, खत घातलेल्या वाफ्याशेजारी तुलनेसाठी बिनखताचा वाफा ठेवतात का, गुण नोंदी आणि निष्कर्षांना आहेत की पीक किती आलं त्याला? पीक पावसानेही जाऊ शकतं, त्याचे गुण मुलाचे कापायचे कारण नाही.

कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी यांच्या पदवीच्या वाटा सहसा बारावी विज्ञान आणि प्रवेश परीक्षेतून जातात. नववीत त्यातलं काहीही ठरवायचं नाही.

शिकवणी लावण्याआधी गणिताची उत्तरपत्रिका मागवा आणि गुण कुठल्या प्रकरणांत गेले ते पाहा. बीजगणितात गेले असतील तर तेवढ्यापुरती मदत घ्या, तीही शेतीचा तास न मोडता. प्रमाण आणि शेकडेवारीत गेले असतील, तर मुलालाच वहीतला हिशोब तुम्हाला समजावून द्यायला सांगा. तो सांगत असताना मध्येच चूक काढू नका.