आपले प्रश्न : गुड फ्रायडेला सुकट चालते का?

प्रश्न : गुड फ्रायडेला मटण-चिकन वर्ज्य, हे ठाऊक आहे. पण सासूबाई सुकटीलाही हात लावू देत नाहीत. नियम काय? (वाचक, वसई)

उत्तर : कॅथलिक चर्चच्या नियमाने वर्ज्य आहे ते पशुपक्ष्यांचं मांस. मासे, कोळंबी, सुकट, अंडी, दूध यांना मनाई नाही. सासूबाई पाळतात ती घरची रीत, आणि किनाऱ्यावर तिला अर्थ आहे. मासळी ज्याच्या रोजच्या ताटात, त्याने एक दिवस मटण सोडून सोडलं काय? म्हणून पेज आणि लोणचं. तळलेल्या पापलेटांचा बेत नियमात बसतो, दिवसाला शोभत नाही.

खरी गल्लत होते ती उपासाची. मांसाचा नियम 14 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो, तो आयुष्यभर. उपास मात्र 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. एकदा पोटभर जेवायचं. आणखी दोनदा थोडं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. साबुदाणा की भात, हा प्रश्नच नाही. इथे पदार्थ नव्हे, प्रमाण बघतात. आजारी माणसं आणि गरोदर बायकांनी उपास करू नये.

प्रश्न : दुपारच्या विधीला मिस्सा म्हणावं का? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही. मिस्सा म्हणजे भाकर आणि द्राक्षरस अर्पण करायची उपासना, ती त्या दिवशी होत नाही. शुक्रवारी वाटतात तो ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात अर्पिलेला असतो, त्यामुळे गुरुवारीच दोन दिवसांचा अंदाज घ्यावा लागतो, घरी पडून असलेल्या आजाऱ्यांसकट. वेदीवर क्रूस, मेणबत्त्या, कापड काही नसतं. लाल वस्त्रांतले फादर सुरुवातीला वेदीपुढे पालथे पडतात. तेव्हा लोकांनी गुडघे टेकावेत. घंटा गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर मुक्या होतात, त्या शनिवारी रात्रीच्या ग्लोरियालाच पुन्हा वाजतात.

प्रश्न : क्रूसवंदनेची रांग तासभर हलत नाही. तीन क्रूस ठेवले तर? (चर्चमधील स्वयंसेवक, मालवण)

उत्तर : नको. वंदनेसाठी क्रूस एकच असावा. गर्दी आवरत नसेल, तर काही जणांचं वंदन झाल्यावर फादर वेदीसमोर मध्यभागी क्रूस उंच धरतात आणि बाकीचे जागेवरूनच मौनाने वंदन करतात.

रांग तुंबते, कारण जाणारे आणि परतणारे एकाच वाटेत येतात. मधल्या वाटेने न्या, कडेने परत आणा. गुडघा टेकणं किंवा चुंबन, एक पुरे. गुडघे दुखणाऱ्यांनी नुसतं वाकावं. प्रत्येक चुंबनानंतर स्वच्छ सुती कापडाने पुसावं. लाकडी क्रूसाला स्पिरिट लावू नका, पॉलिश उतरतं.

आणखी एक. विधीनंतर ख्रिस्तप्रसादाची पेटी रिकामी असते, तरी सवयीने लोक तिच्यापुढेच गुडघा टेकतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीच्या विधीपर्यंत तो क्रूसापुढे टेकायचा.