आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापनात पीएच.डी. करायची आहे, जळगावात राहून कोणता विषय घ्यावा?

परदेशी पाठवलेला अधिकारी तिथे का रुळत नाही, हा विषय चावून चोथा झालाय. तो सोडा.

तुमचा विषय दाराशी आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, २०१२ मध्ये उरलेलाही. नानदान उभी राहिली किबुत्झमधून, म्हणजे सामायिक मालकीच्या वसाहतींतून. २०२३ पर्यंत मालक खान्देशी, कामाची मुळं तिथली. मग पगार, बढती कोणाच्या रीतीने ठरायची? इस्रायलात कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो, साधी बैठक कधी ठेवायची? बहुराष्ट्रीय कंपनी मायदेशाच्या, यजमान देशाच्या की जागतिक दृष्टीने चालते, ही अभ्यासक पर्लमटर यांची १९६९ ची मांडणी. भारतीय कंपनीने प्रगत देशातली कंपनी घेण्याच्या अशा उलट्या प्रवासाला ती कितपत लागू पडते, हे तपासा. नुसती प्रश्नावली वाटू नका, त्या काळातल्या लोकांना भेटून सविस्तर मुलाखती घ्या.

धुळ्यात घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांची बढती, हाही चांगला विषय.