अँटिव्हायरसचे सत्तावीसशे रुपये भरावेत का?

प्रश्न: सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे, हिशेब मी बघते. एकच कॉम्प्युटर, विंडोज १०. त्यावरच टॅली, जीएसटी आणि बँकेचे व्यवहार. अँटिव्हायरसची मुदत संपली आहे आणि कॉम्प्युटरवाला तीन वर्षांचे २,७०० रुपये सांगतो. भरू का?

ताई, आत्ताच भरू नका. २,७०० म्हणजे दिवसाला अडीच रुपये. रक्कम लहान आहे, म्हणूनच माणूस ती भरून टाकतो आणि आता आपल्याला धोका नाही असं धरून चालतो. मला काळजी वाटते ती त्याचीच.

विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस मुळातच असतो, फुकट. विकतचा अँटिव्हायरस टाकला की तो बाजूला होतो, त्याची मुदत संपली की पुन्हा कामाला लागतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून तो चालू आहे ना, एवढं बघून घ्या. कॉम्प्युटर एक आणि वापरणारा माणूस एक असेल, तर माझ्या मते तेवढं पुरतं. टॅली किंवा विंडोज क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवाय चोरून टाकलेलं, असेल तर मात्र आधी ते काढा. घाण बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

तुमची खरी अडचण विंडोज १० ही आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर अडवून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. म्हणून कॉम्प्युटरवाल्याला आधी विचारा, या मशीनवर विंडोज ११ चढतं का? चढत असेल तर त्याचे पैसे लागत नाहीत. नसेल चढत, तर हे २,७०० नव्या मशीनच्या खात्यात टाका. बिल दुकानाच्या नावावर, जीएसटी नंबर घालून घ्या. इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याचं, तुमच्या सीएंना विचारा, आणि आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो तोही धरा.

आता दुकानाच्या वह्यांचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर मी गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. सीपीयूचा पत्रा उघडला, तर आत बोटभर चिखल, वाळून भेगा पडलेला. अँटिव्हायरस विकतचा होता, मुदतीत होता. बॅकअप कुठेच नव्हता. कोणाकडे किती उधारी, हे त्यांनी जुन्या पट्ट्या आणि लोकांच्या तोंडी हिशेबावरून दिवाळीपर्यंत जुळवलं. जे जुळलं नाही ते बुडालं. तो चिखल आठवला की मला अजून वाटतं, दोन पेन ड्राइव्ह असते तर!

टॅलीचा डेटा फार मोठा नसतो. हजारभर रुपयांत दोन चांगले पेन ड्राइव्ह येतात. दर शनिवारी दुकान बंद करताना बॅकअप घ्या, एका आठवड्याला एक, दुसऱ्याला दुसरा. काम झालं की पेन ड्राइव्ह काढून ठेवा, कारण लावून ठेवलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही खंडणीवाला व्हायरस कुलूपबंद करतो. एक घरी वरच्या मजल्यावर ठेवा, दुसरा मिरजेला किंवा विश्रामबागेला कोणा नातेवाइकाकडे.

बँकेचं थोडक्यात सांगतो. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगितला किंवा त्याच्या सांगण्यावरून एनीडेस्क (दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर लांबून चालवू देणारं ॲप) चालू केलं, तर कुठलाच अँटिव्हायरस आड येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. नेट बँकिंगची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणा. काही घडलंच तर त्याच मिनिटाला बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

विकतचा अँटिव्हायरस मी कधी घ्यायला सांगतो? दुकानात तीन-चार मशीन असतील, दिवाणजी आणि पोरं सगळेच हाताळत असतील, बाहेरचे पेन ड्राइव्ह येत-जात असतील, तेव्हा. तुमच्याकडेही शाळा सुटल्यावर मुलं त्याच कॉम्प्युटरवर गेम टाकत असतील तर आधी ते बंद करा. बंद होण्यासारखं नसेल तर एकाच वर्षाचं घ्या, आणि आपोआप नूतनीकरणाला कार्ड जोडू नका.

मशीन बदलायचं ठरलं तर नवी हळद यार्डात यायच्या आत बदला. हंगामात टॅली दोन दिवस बंद ठेवणं तुम्हाला परवडणार नाही.