प्रभारी प्राचार्य झाले, आता?

प्रश्न : तालुक्याच्या विधी महाविद्यालयात मी नुकतीच प्रभारी प्राचार्य झाले. निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, वर्ग निम्मे रिकामे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आधी वेळापत्रक बदला. तासिकेवरचे बहुतेक जण वकील असतात. अकराला कोर्ट बसलं की ते तुमचे राहत नाहीत. माझ्या कॉलेजात मी त्यांचे तास सकाळी साडेसातला ठेवले आणि वर्ग भरू लागले. मानधनाची बिलं मात्र थकू देऊ नका, स्वतः पाठपुरावा करा.

हजेरीपत्रक दर महिन्याला स्वतः वाचा. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी सांगितली आहे. खास कारण असेल तर प्राचार्य 65 पर्यंत सूट देऊ शकतात, पण एकूण हजेरी 70 हवीच. पहिल्या एसटीनं येणारी एक मुलगी 63 वर अडकली. आई आजारी होती. मला ते कळलं परीक्षेच्या आठवड्यात, हॉलतिकिटं टेबलावर असताना. तिचं वर्ष गेलं. दुसऱ्या महिन्यात विचारलं असतं तर वाचलं असतं, हे मला आजही टोचतं.

अभिरूप न्यायालय, म्हणजे मुलांनी वकील होऊन लढवायचा सरावाचा खटला, कागदावर उरकू नका. पोरं तिथंच उभं राहून बोलायला शिकतात.