घड्याळ बघ, हात आवर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घरातच राहणारी मांजरी गाभण कशी राहिली, असं विचारतोस. धनत्रयोदशीच्या रात्री, १८ ऑक्टोबरला, दार उघडं राहिलं आणि ती पहाटेपर्यंत गच्चीवर होती, हेही तूच लिहिलं आहेस. माजावर आलेल्या मांजरीला एक रात्र पुरते, कारण तिचं बीज बोक्याशी मिलन झाल्यावरच सुटतं. गच्चीवर दोन-तीन बोके जमले असतील तर एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं निघतील. पिवळं, काळं आणि पट्टेरी शेजारी शेजारी दिसलं तर नवल करू नकोस.

पिल्लं नको असती तर गाभणपणातही नसबंदीचं ऑपरेशन होतं, आणि ते जितकं लवकर तितकं सोपं. तू ती होऊ द्यायचं ठरवलं आहेस, तर आता कॅलेंडर काढ. दिवस साधारण ६३ ते ६५. म्हणजे २० डिसेंबरच्या आसपास. १७ ते २५ पर्यंत कधीही. २७ डिसेंबरला ७० दिवस होतात. तोवर काही हालचाल नसेल तर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

७ डिसेंबरनंतर एक एक्स-रे काढून घे. पन्नास दिवसांनंतर पिल्लांची हाडं स्पष्ट दिसतात आणि कवट्या मोजता येतात. सोनोग्राफीत ठोके दिसतात, पण आकडा चुकतो. या एक्स-रेच्या पैशाला मागेपुढे पाहू नकोस. आत चार होती हे माहीत नसेल, तर रात्री दोन वाजता तिसऱ्या पिल्लानंतर ती थांबली की अडली, हे कुणीच सांगू शकणार नाही.

त्याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ विचार: रात्री फोन उचलता का, मांजरीचं सिझेरियन स्वतः करता का, भूल द्यायची सोय रात्री असते का. नाशकात दिवसा डॉक्टर मिळतात. प्रश्न रात्री अकरानंतरचा असतो. तिन्हींना ‘हो’ म्हणणारे दोन नंबर भिंतीवर लावून ठेव. नाशिकरोडहून गंगापूर रोडकडे जायचं असेल तर द्वारका चौकातली कोंडी हिशेबात धर. ‘वेळ आलीच तर मुंबईला नेऊ’ हे मनातून काढ. कसारा घाट उतरून पोचेपर्यंत तीन-चार तास जातात, आणि अडलेल्या पिल्लाकडे तेवढा वेळ नसतो.

खोका साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, पुढची कड १५ सेंटिमीटर उंच. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती साडीचे तुकडे. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. जागा अंधारी, येण्याजाण्याच्या वाटेबाहेरची. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात येतो, पण तुझ्या खोलीतली फरशीही पहाटे बर्फासारखी असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. खोक्यात तिशीच्या आसपास तापमान हवं. गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे आईला गरम झालं तर सरकायला जागा राहील.

खायला आत्तापासून मांजरीच्या पिल्लांसाठीचं खाद्य सुरू कर, थोडं थोडं, चार-पाच वेळा. तूप, डिंक, दुधाची वाटी हे सगळं प्रेमापोटी सुचवलं जाईल. ऐकून घे आणि देऊ नकोस. कॅल्शियमचं सिरप तर मुळीच नको. गाभणपणी बाहेरून कॅल्शियम मिळालं की हाडांतलं कॅल्शियम सोडायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि पाजायच्या दिवसांत नेमका तिथेच तुटवडा पडून झटके येऊ शकतात. माणसांची पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

साठाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप बघ. थर्मामीटर डिजिटल, टोकाला व्हॅसलीन. एरवी १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतो. तो ९९-१०० पर्यंत उतरला तर बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. कुत्रीइतकी ही खूण मांजरीत भरवशाची नाही, आणि ती चिडत असेल तर हा नाद सोड. मग ती खाणं सोडेल, कापड उकरेल, धापा टाकेल, मध्येच घुरघुरेल. हे बारा तास चालतं, पहिलटकरणीचं चोवीस तासही. या वेळी तुझं काम एवढंच: कागदावर वेळ टिपणं. शेजारची मुलं बघायला येतील त्यांना परत पाठव, नाहीतर ती कपाटामागे जाऊन बसेल.

खरी जोराची कळ ओळखता येते: पोट आवळतं, शेपटी एका बाजूला जाते, ती कण्हते. तिथून घड्याळ चालू. जोरकस कळा सलग २० ते ३० मिनिटं आणि पिल्लू नाही, तर निघायचं. हलक्या कळा दोन तास आणि काही नाही, तरीही निघायचं. पिल्लू बाहेर दिसतंय आणि दहा मिनिटांत सरकत नाही, निघायचं. लालभडक रक्त दहा मिनिटं थांबत नाही, घाण वास येतो किंवा ती गळून पडली, तर मिनिटं मोजूच नकोस.

पायाळू पिल्लू आलं की लोक घाबरतात. मांजरीत तीनांत एखादं तरी मागचे पाय पुढे करूनच येतं आणि सुखरूप सुटतं. भीती आहे ती ढुंगण आधी येऊन पाय पोटाकडे दुमडलेले असण्याची: बाहेर नुसती शेपटी दिसते, पाय नाहीत. ते घरी सुटत नाही.

अर्धं बाहेर आलेलं पिल्लू अडकलंच, तर डॉक्टरला फोन लावून स्पीकरवर ठेव. नखं काप, हात साबणाने धू. पाण्यात विरघळणारी जेल पिल्लाच्या भोवती लाव. ओलं पिल्लू हातातून निसटतं, म्हणून कोरड्या सुती कापडाने पकड, आणि पकड खांद्यांवर किंवा कमरेवर. एकटा पाय किंवा नुसतं डोकं धरून ओढायचं नाही. ती कळ देईल तेव्हाच, हळू, खाली आणि तिच्या टाचांच्या दिशेने. कळ थांबली की तूही थांब, पण पकड सोडू नकोस. तीन-चार कळांत सरकलं नाही, तर पिंजरा उचल.

बाहेर आल्यावर आईने एका मिनिटात तोंडावरचा पडदा फाडला नाही तर तू फाड, तोंड-नाक पूस, डोकं किंचित खाली धरून कापडाने चोळ. गरगर फिरवून झटकायचं नाही, मेंदूला इजा होते. हालचाल नसली तरी पंधरा-वीस मिनिटं चोळत राहा. नाळ बहुधा तीच तोडते. नाही तोडली तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर उकळलेल्या दोऱ्याने बांध, पलीकडे काप, पोव्हिडोन आयोडीन लाव. हळद नको. प्रत्येक पिल्लामागून वार (नाळेला जोडलेला मांसल गोळा) पडते, त्या मोज: जितकी पिल्लं तितक्या वारा. एक-दोन तिने खाल्ल्या तर खाऊ दे, जास्त खाल्ल्या तर जुलाब होतात.

दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं ते एक तास जातो. पण मांजरीची एक खासियत आहे: निम्मी झाल्यावर ती बारा-चोवीस तास विश्रांती घेऊ शकते. शांत आहे, पाजते, खाते, तर थांब. अस्वस्थ आहे, कळा देते आणि दोन तास झाले, तर नाही.

तुझ्याकडे कुणी ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवणारं, इंजेक्शन घेऊन आलं तर नको म्हण. अडण्याचं कारण बहुतेकदा गर्भाशय थकणं असतं, पण आत पिल्लू आडवं असेल तर त्या इंजेक्शनने गर्भाशय फाटू शकतं. आधी एक्स-रे, मग औषध. सिझेरियन करावं लागलं तर त्याच वेळी नसबंदीही होते, आणि दूध तरीही येतं.

नंतर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढ. जन्मताना वजन ९० ते ११० ग्रॅम, पहिल्या दिवशी जरा घटतं, मग रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. दोन दिवस काटा हलला नाही तर ते पिल्लू उपाशी आहे. आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. गाईचं नको, पिल्लांच्या दुधाच्या पावडरीचा डबा आधीच आणून ठेव.

आईला ताप आणि दुर्गंधी स्राव, गरम-कडक झालेलं आचळ, किंवा चालताना थरथर नि ताठरपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. थरथर असेल तर पिल्लं बाजूला काढून लगेच.

पिल्लं पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते, दोन-तीन आठवड्यांतसुद्धा. पिल्लं आठव्या आठवड्यात सुटतील, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला. नसबंदीची तारीख महिनाअखेरची आजच घे. तोवर गच्चीचं दार लावत जा. तो बोका अजून तिथेच असणार.

तुझा काका